माणसं : दोन

मर्लने न विचारताच कागदी पिशवीत दोन पॅटिस टाकले, आणि क्लेम टॉरेन्सने ते मुकाट्याने घेतले. तिथूनच सगळं सुरू झालं.

डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं ते शेवटचं दुकान. त्याच्यापुढे पेट्रोल नाही, फोन लागत नाही, आणि मेंढ्यासुद्धा कंटाळून मागे फिरतात, असं क्लेम गेली चाळीस वर्षं म्हणत आला होता. दर वर्षी ऐन हिवाळ्यात, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, तो आणि त्याची बायको नोलीन इथे थांबायची, खिमा भरलेले दोन गरम पॅटिस घ्यायची आणि जंगलातल्या गरम झऱ्याकडे निघायची.

"नोलीन गाडीतच बसली वाटतं?" दुकानवाली मर्ल म्हणाली. "गुडघा काय म्हणतोय तिचा?"

"बरा आहे," क्लेम म्हणाला.

"येताना तरी खाली उतर म्हणावं. नुसती काचेतून हात हलवून जाते, महाराणीसारखी!"

"सांगतो."

गाडीत अर्थातच कुणी नव्हतं. नोलीन फेब्रुवारीत वारली होती.

आता यात खोटं बोलण्यासारखं काय होतं? माणसं मरतात. शहात्तर वर्षांच्या बाप्याला हे कुणी शिकवायला नको. पण क्लेमला ते तोंडाने म्हणता येत नव्हतं, एवढीच अडचण होती. तशी वेळच त्याच्यावर आली नव्हती. मुलगी, ग्लेनिस, ब्रिस्बेनहून आली आणि सगळ्यांना तिनेच फोन केले, पेपरात तिनेच छापून आणलं, चर्चमध्ये तीच उभी राहून बोलली. लोकांनी येऊन क्लेमचा हात दाबला, "वाईट झालं" म्हणाले, आणि त्याने मान हलवली. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, मग सांगायचं कुणाला? सहा महिने झाले, ते वाक्य त्याच्या तोंडून एकदाही बाहेर पडलं नव्हतं. मुळात तो मुखदुर्बळ. मेंढ्यांची लोकर कातरण्यात जन्म गेला, आणि मेंढी काही गप्पा मारत नाही. घरात बोलायचं खातं नोलीनकडे होतं, सरपण फोडायचं त्याच्याकडे. अठ्ठेचाळीस वर्षांत कुणी खातं बदलून मागितलं नव्हतं.

मोटारतळापासून डोंगर हिंडणाऱ्यांसाठी बांधलेली झोपडी चार तासांवर. त्याला सहा लागले. दोन दिवस पाऊस होऊन गेला होता आणि वरचं बर्फही वितळत होतं, त्यामुळे नदी राखाडी होऊन दोन्ही काठांना घासत चालली होती. काळ्या सालीच्या झाडांखाली अजून दंव होतं. वाटेत त्याने एक पॅटिस खाल्ला. दुसरा पिशवीत गार होत राहिला.

झोपडीत पोचून त्याने सामान काढलं तर आतून दोन मग निघाले. घरी पिशवी भरताना हातांनी आपलं काम परस्पर उरकलं होतं. त्याने दोन्ही मग टेबलावर ठेवले. परत आत कोंबायचे तरी कशाला?

आणि मग वही. या डोंगरांत देवाचं नाव घेतलं नाही तरी चालतं, पण झोपडीच्या वहीत आपलं नाव घातलंच पाहिजे. कोण, किती माणसं, कुठून आलात, कुठे जाणार, कधी परतणार. मुक्काम करायचा नसला तरी लिहायचं. कुणी हरवलं की शोधणारे आधी वही उघडतात. क्लेम स्वतः वीस वर्षं त्या शोधणाऱ्यांमध्ये होता, हातातली कामं टाकून, फुकट. एका हिवाळ्यात शहरातला एक शहाणा वहीत 'परत इथेच येणार' असं लिहून दुसऱ्याच खिंडीने खाली उतरला आणि घरी जाऊन टीव्ही बघत बसला. अठरा माणसं तीन दिवस बर्फात त्याच्या नावाने ओरडत हिंडली. त्यात रॉय बॅनिस्टर कड्यावरून घसरला आणि जन्माचा लंगडा झाला. "वहीत खोटं लिहिणाऱ्याला झोपडीच्या दाराला बांधून चावऱ्या माश्यांना खायला घालावं," असं क्लेम तेव्हापासून ज्याला त्याला ऐकवायचा. मुखदुर्बळ माणूस, पण या एका विषयावर त्याची जीभ चालायची.

गंमत अशी की स्वतः त्याने त्या वहीत आजवर एक ओळ लिहिली नव्हती. तेही नोलीनचंच खातं. कुठल्या रकान्यात काय लिहायचं हे त्याला नेमकं आठवेना, म्हणून त्याने पानं मागे उलटली. मागच्या ऑगस्टमध्ये तिचं तिरकं अक्षर सापडलं. 'टॉरेन्स. माणसं : २. मोटारतळावरून आलो. झऱ्यावर जाणार. उद्या परत.' शेवटच्या रकान्यात शेरा होता : 'पाणी झकास. नवरा नेहमीसारखा गप्प.'

 मग शाळेतल्या पोरासारखी ती ओळ त्याने बघून बघून नव्या पानावर उतरवली, जशीच्या तशी. पेन नीट उमटत नव्हतं, म्हणून दोनाचा आकडा दोनदा गिरवला. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. आपण काय लिहिलं ते त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. बघून लिहिणाऱ्याच्या ते शिरत नसतंच.

झरा झोपडीच्या वर अर्ध्या तासावर. झरा म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. डोंगराच्या कुशीतून सडक्या अंड्यांच्या वासाचं उकळतं पाणी यायचं, ते कुणीतरी कधीतरी फावड्याने खणून, भोवती दगड लावून अडवलेलं. ते फावडं तिथेच झाडाला टेकवलेलं असायचं. बाजूने गार ओहळ यायचा आणि त्याच्या तोंडाशी एक चपटा दगड होता. दगड सरकवला की गार पाणी आत. नोलीन त्या दगडाशेजारी बसायची आणि पायाच्या अंगठ्याने तो पुढे मागे करत राहायची. चाळीस वर्षं क्लेम समोर बसून डोळे मिटायचा आणि पाणी आपोआप बरोबर असायचं.

आज तो नेहमीच्या जागी उतरला आणि पोळला. उठून दगड सरकवला, तर थोड्या वेळात पाणी गारढोण झालं. पुन्हा उठला. असं चार वेळा झालं. शेवटी त्याने नाद सोडला आणि कढत पाण्यात तसाच बसला.

समोरची जागा रिकामी होती. या पाण्यात डोकं बुडवायचं नाही हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. नाकातून काहीतरी मेंदूत शिरतं आणि माणूस आठवड्यात जातो. तरी नोलीन दर वर्षी हटकून बजावायची, "क्लेम, डोकं वर!" चाळीस वर्षांत त्याने एकदाही बुडवलं नव्हतं, तरी बजावायची. त्याचा त्याला राग यायचा. आज तो हनुवटीपर्यंत खाली गेला, मग ओठांपर्यंत, आणि वाट बघितली. कुणीच काही म्हणालं नाही. त्याला फार एकटं वाटलं. घरी वाटायचं त्याच्या कितीतरी पट जास्त, कारण घरी निदान रेडिओ होता.

खालून बोलण्याचा आवाज आला तसा तो सावरून बसला.

तरुण जोडपं होतं. तिचं नाव टॅमसिन, उंच आणि चटपटीत. तो जॉडी, लाल दाढीचा आडदांड गडी. डनीडिनहून आले होते.

"येऊ का आम्ही? जागा आहे ना?" टॅमसिनने विचारलं.

"पाणी काय माझ्या बापाचं आहे? या."

दोघं पाण्यात उतरली. टॅमसिन चपट्या दगडाशेजारी टेकणार, तेवढ्यात क्लेमच्या तोंडून निघालं, "तिथे नको."

"का हो? कुणाची जागा आहे?"

"बायकोची."

"अच्छा, म्हणजे तुम्ही टॉरेन्स!" ती हसून बाजूला सरकली. "वहीत वाचलं आम्ही, दोघं आहात म्हणून. टेबलावर मग पण बघितले. कुठे आहेत त्या?"

तेव्हा क्लेमला कळलं आपण वहीत काय लिहून आलो ते. सांगून टाकायची हीच वेळ होती. साधे दोन शब्द. त्याने तोंड उघडलं आणि आतून भलतंच बाहेर आलं.

"झोपडीत पडलीय जरा. गुडघा दुखतो तिचा."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"पण आम्ही झोपडीतूनच आलो," जॉडी म्हणाला. "सामान ठेवलं, चहा केला. तिथे तर कुणीच नव्हतं."

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण एक खोटं पायावर उभं ठेवायचं तर त्याला दुसऱ्याचा टेकू लागतो.

"मग नदीपलीकडे गेली असेल. तिकडे धबधबा आहे. तिला आवडतो तो."

यातले शेवटचे तीन शब्द काय ते खरे होते, धबधबा आवडायचा. कोरड्या हिवाळ्यात नोलीन बूट गळ्यात अडकवून नदी पार करायची आणि तासभर तिथे बसून यायची.

"पलीकडे?" टॅमसिन उभीच राहिली. "दुखऱ्या गुडघ्याने? अहो, नदी बघितलीत का तुम्ही आज?"

"येईल ती..."

"कधी गेल्या? तासभर झाला?"

जॉडी एव्हाना बाहेर पडून अंगात सदरा चढवत होता. मोजे न घालताच त्याने बूट ओढले. "मी नदी ओलांडायच्या जागी बघतो. टॅम, तू यंत्र काढून ठेव. मी ओरडलो की दाब."

"अरे पोरा, थांब," क्लेम म्हणाला. पुढचं काही जिभेवर येईना. जॉडी झाडांत दिसेनासाही झाला.

टॅमसिनने पिशवीतून ते मुठीएवढं पिवळं यंत्र काढलं. क्लेमला ते ओळखीचं होतं. बटण दाबलं की उपग्रहाला कळतं, आणि मग दरीतल्या घराघरांत फोन वाजतात. ऑगस्ट महिना, मेंढ्या व्यायचे दिवस. अर्धी व्यायलेली मेंढी तशीच सोडून माणसं बूट चढवतील, ढगात बुडालेल्या घळीतून हेलिकॉप्टर आत आणतील, अंधार पडला तरी काठाकाठाने ओरडत हिंडतील. नोलीन, नोलीन करत. आणि त्यातला एखादा रॉय बॅनिस्टर घसरेल. झोपडीच्या दाराला बांधायचा माणूस इथे पाण्यात बसला होता.

"वय काय त्यांचं?" टॅमसिनने विचारलं. घाबरलेली असून तिने आवाज शांत ठेवला होता. "अंगावर कुठल्या रंगाचे कपडे आहेत? अहो, बोला ना! शेवटचं कधी बघितलंत तुम्ही त्यांना?"

"फेब्रुवारीत," क्लेम म्हणाला.

"काय?"

 ती यंत्रावर अंगठा ठेवून त्याच्याकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिचा अंगठा बाजूला झाला. मग एकाच वेळी दोघांच्याही मनात जॉडी आला.

क्लेम बाहेर पडला. नुसती ओली चड्डी, पायांत बूट, हाताला लागलं ते फावडं काठीसारखं धरलेलं, असा तो उतारावरून पळत सुटला. पळणं कसलं ते, पण तो दोनदा पडला आणि दोन्ही वेळा थांबला नाही. टॅमसिन त्याला मागे टाकून पुढे गेली.

जॉडी कमरेएवढ्या पाण्यात होता. एका फांदीचा आधार घेत, तोंड पलीकडच्या काठाकडे करून, तो एकेक पाऊल चाचपत टाकत होता. नदीचा आवाज इतका होता की काठावर उभ्या असलेल्या टॅमसिनच्या हाका तिच्याच पायाशी पडत होत्या.

क्लेमचा आवाज निराळा. पंचेचाळीस वर्षं त्याने डोंगरात मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांना हाका मारल्या होत्या.

"परत ये!"

जॉडीने मान वळवली आणि हात वर केला. "घाबरू नका! मी आणतो त्यांना!"

"ती नाहीये तिकडे!"

"मग कुठे आहेत?"

नदीच्या त्या गदारोळात हळू आवाजात सांगायची सोयच नव्हती. क्लेमने छाती भरून श्वास घेतला.

"मेली!" तो ओरडला. "नोलीन मेली!"

जॉडी बघतच राहिला. त्याने कानाला हात लावला, ऐकू आलं नाही म्हणून, की पटलं नाही म्हणून, कोण जाणे.

"मेली ती! फेब्रुवारीत मेली! मीच माती दिली तिला! नाहीये ती! कुठेच नाहीये!"

शेवटचं 'कुठेच' समोरच्या कड्यावर आपटून परत आलं.

जॉडी वळला, आणि वळतानाच त्याचा पाय सुटला. लाल दाढी पाण्यात गेली, वर आली, आणि चार पावलं खाली एका धोंड्याला त्याने मिठी मारली. क्लेम मांडीपर्यंत आत शिरला आणि त्याने फावडं लांब केलं. टॅमसिनने मागून त्याच्या कमरेला विळखा घातला. जॉडीने फावड्याचं पातं धरलं, दोन बोटं कापली, पण सोडलं नाही.

काठावर येऊन तिघंही बसली.  मग टॅमसिनला तोंड फुटलं.

"वाहून गेला असता तो! तुमच्या त्या... कळतंय का तुम्हाला?"

"हो."

"मग सांगितलं का नाही आधीच? तोंडाला काय कुलूप होतं?"

"येत नव्हतं सांगता."

"आणि आत्ता बरं आलं!"

"हा नदीत होता," क्लेम म्हणाला, आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला. चर्चमध्ये तो रडला नव्हता. टॅमसिनला त्याच्यावर अजून ओरडायचं होतं, ते तिने तसंच ठेवलं.

झोपडीत त्यांनी चूल पेटवली. जॉडी दोन घोंगड्यांत गुंडाळून बसला, बोटांना फडकं बांधून. चहा दोन मगांत ओतला. एक क्लेमने घेतला, दुसरा जॉडीने. उरलेला गार पॅटिस क्लेमने शेगडीवर गरम करून त्याला दिला.

टॅमसिनने वही आणून समोर ठेवली. राग उतरला नव्हता तिचा, पण पेन तिने टोपण काढून दिलं. "हे दुरुस्त करा. उद्या आपण गेल्यावर कुणी वाचलं तर पुन्हा हेच."

खरंच होतं. क्लेमने दोनावर आडवी रेघ मारली. दोनदा गिरवलेला आकडा, तो रेघेखालूनही दिसत राहिला. शेजारी त्याने १ लिहिला. एवढंसं काम, पण ते करून त्याने पेन खाली ठेवलं तेव्हा त्याचा हात ऐरण उचलल्यासारखा भरून आला होता.

"कशा होत्या त्या?" जॉडीने विचारलं.

क्लेमने चुलीत एक लाकूड सारलं. "बोलायची फार," तो म्हणाला. घसा पार बसला होता.

"आणि?"

"आणि मी ऐकायचो. म्हणजे, तिला तसं वाटत नसे."

सकाळी ती दोघं लवकर निघाली. जाताना जॉडीने हात पुढे केला, पट्टी बांधलेलाच. क्लेमने मागे राहून सरपण फोडलं, येणाऱ्याला दोन दिवस पुरेल एवढं, आणि दाराशी रचून ठेवलं. दोन्ही मग धुऊन पिशवीत भरले. निघता निघता वही उघडली. शेऱ्याचा रकाना अजून कोरा होता. 'पाणी झकास' असं लिहावं म्हणून त्याने पेन टेकवलं, पण आदल्या दिवसापासून खोट्याचा त्याला वीट आला होता. 'पाणी जरा जास्तच कढत,' त्याने लिहिलं, आणि निघाला.

दुकानात शिरला तेव्हा दुपार झाली होती. मर्लने त्याला दारात बघितलं आणि चिमटा उचलला. एक पॅटिस पिशवीत गेला.

"उतरली की नाही आज महाराणी?" ती मान उंचावून खिडकीतून गाडीकडे बघत होती. चिमट्यात दुसरा पॅटिस होता.

"एकच दे," क्लेम म्हणाला. आवाज फाटलेला, जेमतेम ऐकू येण्यापुरता. "नोलीन वारली, मर्ल. फेब्रुवारीत. जाताना मी तुला खोटं सांगितलं."

मर्लचा हात तसाच राहिला. मग तिने तो पॅटिस काचेच्या कपाटात होता तिथे परत ठेवला, चिमटा ठेवला, आणि फडक्याला हात पुसत राहिली. हात कोरडे झाले तरी पुसत राहिली.

"हात हलवून गेली होती रे मागच्या खेपेला," ती म्हणाली. "मी गिऱ्हाइकात होते. मी नाही हलवला."

 क्लेम पिशवी घेऊन बाहेर आला आणि गाडीत बसला. शेजारच्या आसनावर पिशवी ठेवली. मर्ल दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली होती. त्याने गाडी रस्त्यावर घेतली, वेग कमी केला, पलीकडे वाकून नोलीनच्या बाजूची काच खाली केली आणि हात हलवला. मर्लने दोन्ही हात वर केले, आणि गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत खाली घेतले नाहीत.